इंजिनामागचा डबा

रेल्वेच्या प्रवाशाला आयुष्यभर बाजूचेच दिसते. शेते, तारा, फाटकाशी थांबलेल्या मोटारसायकली, सारे खिडकीतून आडवे सरकत जाते. गाडी जिकडे चालली आहे ती दिशा मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून घाट बघता येतो; केबिनमध्ये बसायला मिळाले तर पोर सुट्टीभर तेच सांगत राहते. रेल्वेत ती सोय नाही. हजार-दीड हजार माणसे घेऊन धावणाऱ्या गाडीत समोरचा रूळ दोघांनाच दिसतो, लोको पायलटला आणि त्याच्या सहायकाला. मुंबईच्या लोकलमध्ये तर एकट्या मोटरमनला.

रेल्वेप्रेमींच्या, लोक ज्यांना सरळ रेल्वेवेडे म्हणतात त्यांच्या, बहुतेक धडपडी लोको पायलटच्या पुढच्या काचेपाशी येऊन थांबतात. कोणी इंजिनांचे नंबर टिपतो, कोणी हॉर्नचे आवाज साठवतो, कोणी एका फोटोसाठी वळणावर भर उन्हात उभा राहतो. त्यांची बोलीही ठरलेली. अमुक गाडीला आज ‘ऑफलिंक’ लोको लागला, म्हणजे नेहमीचा न लागता भलत्याच शेडचा आला. तमुक गाडी ‘एमपीएस’ला निघाली, म्हणजे त्या मार्गावर परवानगी असलेल्या कमाल वेगाने. पण यांपैकी कोणालाही एकच इच्छा मागायला सांगितली, तर तो इंजिनाच्या कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या खोलीत, उभे राहून एक प्रवास मागेल. आपल्याकडे हा पोरकटपणा समजतात. मला तसे वाटत नाही. गाडी कोणाच्या इशाऱ्याने सुटते, का थांबते, कोण कोणाला वाट देते हे समजून घेण्याची ती ओढ आहे. ती खऱ्या अर्थाने भागते राजधानी किंवा वंदे भारतमध्ये नव्हे, तर प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या साध्या गाडीत. नगर जिल्ह्यातून जाणारा दौंड–मनमाड मार्ग आणि त्याला नव्याने फुटलेला बीडचा फाटा, या दोन्हींवर हे नीट तपासून बघता येते.

दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हाचे नाव धोंड–मनमाड स्टेट रेल्वे. गाड्या चालवायचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते. जीआयपीच्या दोन मोठ्या वाटा मुंबईतून निघत, एक पुण्यावरून दक्षिणेकडे, दुसरी नाशिकवरून भुसावळकडे. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला बोरघाट उतरून पुन्हा थळघाट चढायला लागू नये, म्हणून घाटमाथ्यावरूनच या दोन वाटा जोडल्या गेल्या. आजही कर्नाटक एक्स्प्रेस, गोवा एक्स्प्रेस, झेलम, आझाद हिंद, महाराष्ट्र एक्स्प्रेस या साऱ्या याच रुळांवरून जातात त्या याच कारणाने. नगरकरांना मात्र ही गोष्ट वर्षानुवर्षे सलत आली आहे. देशाची दोन टोके जोडणाऱ्या गाड्या दारावरून जातात आणि सकाळी पुण्याला कामावर नेऊन संध्याकाळी परत आणणारी हक्काची गाडी मागताना पिढ्या निघून जातात. लोहमार्गाने पुण्याला जायचे तर दौंडचा वळसा पडतो, आणि त्यामुळे नोकरदाराने एसटीची आणि खासगी गाड्यांची वाट धरली. रोजच्या प्रवासाची गाडी म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. नगर जिल्ह्यात ती अजून मागणीच आहे.

दौंड सोडले की भीमेचा पूल लागतो आणि पलीकडे नगर जिल्हा. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, रांजणगाव रोड, सारोळा, अकोळनेर ही स्टेशने एक्स्प्रेसच्या प्रवाशाने नुसती पिवळ्या पाट्यांवर वाचलेली असतात, तीही वेग कमी असला तर. अरणगावजवळ मेहेराबाद लागते. रूळ मेहेरबाबांच्या या ठिकाणाच्या मधूनच जातात, खालचे मेहेराबाद एका अंगाला आणि टेकडीवरची समाधी दुसऱ्या अंगाला. नगरनंतर विळद, मग वांबोरीकडे उतार, पुढे मुळा आणि प्रवरा ओलांडून बेलापूर. हे बेलापूर स्टेशन प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे आणि बेलापूर गाव काही किलोमीटर दूर. शहर नंतर वाढले, त्याला नवे नाव मिळाले, स्टेशनाने आपले जुने नाव सोडले नाही. मग चितळी, चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबे, गोदावरीचा पूल, कान्हेगाव, कोपरगाव. जिल्ह्याची वेस संपली तरी डोळे मिटू नयेत, कारण येवल्यापुढे अंकाई-टंकाईची जोडगोळी आणि मनमाडच्या तोंडाशी हडबीची शेंडी उभी आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या नेत्यांची खास गाडी याच मार्गाने आली होती. गांधीजींना चिंचवडला उतरवले आणि नेहरू, पटेल, आझाद यांना नगरपर्यंत आणून किल्ल्यात ठेवले.

हा सगळा मुलूख चढ-उतारांचा आहे, पण डोळ्यांना ते जाणवत नाहीत, कानांना जाणवतात. म्हणून जाणकार रेल्वेवेडा खिडकीची जागा शोधत नाही, इंजिनाला लागून असलेला डबा शोधतो. आपल्याकडच्या साध्या गाड्यांत हा डबा बहुधा जनरलचा असतो. वातानुकूलित डब्यात पैसे मोजून बसलेल्याला इंजिनाचा श्वासही ऐकू येत नाही आणि सर्वांत स्वस्त तिकिटावर, दाराशी उभ्या असलेल्याला सारे ऐकू येते. डिझेलच्या काळात हे आणखी खरे होते. जुन्या अल्को इंजिनाची धडधड, नॉच वाढवला की आधी काळा धूर आणि मग क्षणभराने येणारा हिसका, हे सगळे पहिल्या डब्यात अंगावर यायचे. नॉच, म्हणजे ताकदीचे टप्पे, एकूण आठ. दौंडहून नगरकडे चढताना कुठे कितवा नॉच लागतो, हे रोज ये-जा करणारे आवाजावरून सांगत. आता वरून विजेची तार आली. विजेचे इंजिन ताकदीचे आहे, स्वच्छ आहे, वेग पटकन पकडते. पण त्याचे बोलणे बारीक आहे, त्याला कान वेगळे लावावे लागतात.

पॅसेंजर गाडीचा दुसरा मोठा गुण म्हणजे ती थांबते. आणि थांबते तेव्हाच रेल्वेचे काम दिसते. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर कोणाला तरी बाजूच्या रुळावर उभे राहावे लागते आणि तो मान पॅसेंजरचा. एक्स्प्रेसचा प्रवासी ‘क्रॉसिंगला थांबली’ म्हणून चडफडतो. रेल्वेवेड्याचा खरा तास तेव्हा सुरू होतो. गाडी लूप लाइनला येऊन उभी राहते. थोड्या वेळाने टोकाकडे सांधा बदलल्याचा खटका ऐकू येतो. मेन लाइनचा सिग्नल उतरतो, म्हणजे आता हिरवा होतो. स्टेशनमास्तर झेंडा घेऊन बाहेर येतो. रूळ आधी बारीक गुणगुणतात, मग समोरून इंजिनाचा दिवा दिसतो, आणि एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाते. स्टेशनमास्तर तिच्या शेवटच्या डब्यावर नजर ठेवून असतो. तिथे ‘एल. व्ही.’ची पाटी किंवा लाल दिवा दिसला तरच गाडी पूर्ण गेली, मध्ये तुटून मागे काही राहिले नाही, याची खात्री होते. त्यानंतरच पुढची हालचाल. इंजिनात बसलेल्याला ही शेवटची पाटी दिसत नाही. ती बघायची तर फलाटावरच उतरावे लागते.

जुन्या एकेरी मार्गांवर याहून देखणी पद्धत होती. दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी म्हणून टोकन देत. कोरलेला लोखंडी गोळा चामड्याच्या पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. तो गोळा इंजिनात असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टापूत पाऊल टाकायचे नाही. न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन हात बाहेर काढून मागच्या टापूचे कडे टाकायचा आणि पुढचे झेलायचा. लगतच्या दोन स्टेशनांतल्या स्टेशनमास्तरांच्या खोल्यांतली यंत्रे विजेने एकमेकांना बांधलेली, एकाने मान डोलावल्याशिवाय दुसऱ्यातून गोळा निघत नसे. माणसाचा विसरभोळेपणा आणि घाई, दोन्ही गृहीत धरून केलेली ही रचना होती.

आणि दौंड! पुण्याकडून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड दौंडला फिरत असे. पुण्याहून येणारी गाडी फलाटाला लागली की इंजिन सुटायचे, दुसऱ्या रुळावरून वळसा घेऊन मागच्या टोकाला यायचे, आणि जो डबा आतापर्यंत शेवटचा होता तो पहिला व्हायचा. बाकीचे प्रवासी वडापाव आणि चहामागे पळत. वेडी मंडळी गाडीच्या त्या टोकाकडे. इंजिन मुंगीच्या पावलांनी येते, पॉइंट्समन हाताने इशारा देत असतो, बफर बफरला टेकतात. माणूस वाकून मध्ये शिरतो, कपलिंग अडकवतो, हवेचे पाइप जोडतो, कॉक उघडतो, आणि हवा सुटल्याचा तो ओळखीचा फुत्कार येतो. मग ब्रेकची तपासणी. इंजिनात आणि गाडीच्या शेवटी गार्डकडे, दोन्हीकडे हवेचा दाब जुळला पाहिजे. ब्रेक पाइपमध्ये ठरलेला दाब चौरस सेंटिमीटरला पाच किलो. तो जुळल्याखेरीज गाडी हलत नाही. नव्या दौंड कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्यांना आता दौंड जंक्शनात येऊन तोंड फिरवावे लागत नाही. प्रवाशांचा वेळ वाचला, ते योग्यच झाले. पण जिल्ह्याच्या दाराशी असलेली रेल्वेची एक उघडी शाळा त्याबरोबर आक्रसली, आणि तिची नीट चित्रनोंद कोणी करून ठेवली असेल तर ती या हौशी मंडळींनीच.

आता प्रत्यक्ष पुढे, कॅबमध्ये काय असते? बाहेरच्याला वाटते वेगाची मजा. काम करणारे सांगतात लक्ष. प्रत्येक सिग्नलचा रंग सहायक मोठ्याने म्हणतो, लोको पायलट हात पुढे करून तोच परत म्हणतो. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने मानले, एवढ्यावर भागत नाही. रुळांच्या कडेला पाट्यांची वेगळीच लिपी असते. पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ म्हणजे सीटी द्या, फाटक येते आहे. वेगमर्यादा सुरू होण्याची पाटी वेगळी, संपण्याची वेगळी, आणि संपण्याचीही प्रवासी गाडीसाठी एक व मालगाडीसाठी दुसरी, कारण मालगाडीची शेपटी लांब. चढ किती, उतार किती ते दाखवणारे दगड. बाजूच्या खिडकीतून हे सगळे आपल्याला दिसते, पण उलटे, निघून गेल्यावर. भरधाव गाडी थांबायला कित्येकशे मीटर घेते, कधी किलोमीटरभर. म्हणजे लोको पायलट जे डोळ्यांना दिसते त्यावर गाडी चालवतच नाही. पुढे काय येणार हे त्याला आधीच पाठ असते. नव्या मार्गावर नेमणूक झाली की त्याला आधी जाणत्याबरोबर फेऱ्या कराव्या लागतात, त्यांत रात्रीचीही फेरी असते. याला ‘रोड लर्निंग’ म्हणतात. वेडी मंडळी पहिल्या डब्यात दाराशी बसून वर्षानुवर्षे जे करतात ते परवान्याविना केलेले रोड लर्निंगच आहे, असे मला नेहमी वाटते.

या खुर्चीपर्यंत जिद्दीने पोचलेल्या मराठी माणसांत सुरेखा यादव यांचे नाव पहिले घ्यावे. सातारा जिल्ह्यातल्या या मुलीने १९८९ च्या सुमारास सहायक चालक म्हणून काम सुरू केले, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक त्या झाल्या. २००० साली मुंबईत लेडीज स्पेशल चालवली, ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत आणली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईच्या मोटरवुमन मुमताज काझी यांना २०१७ साली नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पुढच्या काचेमागे कोण बसू शकते, या प्रश्नाचे उत्तर या दोघींनी बदलून टाकले. आज कोपरगावच्या किंवा श्रीगोंद्याच्या एखाद्या मुलीला इंजिन चालवायचे आहे असे म्हणताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

रोजच्या गाडीबद्दलचे प्रेम कसे दिसते हे बघायला मुंबई-पुण्याकडे जावे लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने पहिली विजेची लोकल धावली, आणि तिच्याबरोबर मोटरमन नावाचा एक नवा माणूस जन्माला आला. इंजिन वेगळे नाही, फायरमन नाही. गाडीच्या कपाळावरच एक लहानशी खोली आणि तीत एकटा माणूस. त्याच्या हातातला मुठीचा दांडा दाबलेला राहिला पाहिजे. हात सुटला तर गाडी आपोआप ब्रेक लावते. त्याच्या पाठीशी भिंत आणि भिंतीपलीकडे खच्चून भरलेला डबा. लोकलच्या पुढच्या डब्यांत चढणाऱ्यांना समोरची दृश्ये नको असतात, उतरल्यावर जिना जवळ हवा असतो. तरी त्या भिंतीपाशी, कॅबच्या मागच्या दाराशी उभी राहणारी काही मंडळी असतातच. हॉर्नच्या तोऱ्यावरून मोटरमन कसा आहे ते ओळखणारी, ब्रेक ‘टप्प्यात’ लावला की मान हलवणारी.

डेक्कन क्वीनचे वेड याच्या वरताण. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीचा वाढदिवस प्रवासी आजही पुणे स्टेशनावर साजरा करतात, आणि तिचा खरा कणा म्हणजे पासहोल्डर. या मार्गावरच्या बोरघाटाने मराठी रेल्वेवेड्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. १९२९ पर्यंत घाटात गाडीचे तोंड फिरवावे लागे. कर्जतला मागून ढकलायला लागणारी बँकर इंजिने आजही आहेत. घाटातली जुनी मालगाड्यांची विजेची इंजिने असा काही कण्हता आवाज काढत की कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ म्हणून टाकले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी लहान रेल्वेंचे संग्रहालय उभारले, १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. हाताएवढ्या गाड्या, पण सिग्नल, सांधे, वेळा सगळे खऱ्यासारखे. नगरच्या मुलाला रेल्वे कशी चालते ते एका ठिकाणी दाखवायचे असेल तर मी अजून तिथेच न्यायला सांगतो.

जगाने समोरचा रूळ बघण्याच्या या ओढीचे काय केले? सिनेमाच्या जन्मापासून ती आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंची चित्रे दाखवली गेली त्यात स्टेशनात येणारी गाडी होती. आणि लगेचच पुढच्या काही वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत इंजिनाच्या पुढे कॅमेरा बांधून काढलेली चित्रे लोकांनी रांगा लावून पाहिली. इटलीने १९५० च्या दशकात सेत्तेबेल्लो गाडीत चालकाला वरच्या मजल्यावर चढवले आणि गाडीचे नाक प्रवाशांना देऊन टाकले. जपानने हीच कल्पना अधिक मनाने उचलली. नागोया भागातल्या मेइतेत्सु कंपनीने १९६१ मध्ये पॅनोरामा कार काढली. ती सहलीपुरती नव्हती. रोज कामावर जाणारेही तिच्या पुढच्या काचेशी बसत. मग १९६३ मध्ये ओदाक्यूच्या रोमान्सकारलाही तशीच पुढची काच आली. जपानी साध्या लोकलमध्येही चालकामागे काच असते आणि तिला नाक लावून उभी असलेली मुले हे तिथले नेहमीचे दृश्य आहे. १९९६ मध्ये तिथे लोकल चालवण्याचा ‘देन्शा दे गो’ हा खेळ निघाला. त्यात वेग वाढवून गुण मिळत नाहीत. वेळेवर पोचून, फलाटाच्या ठरलेल्या खुणेवर गाडी थांबवून मिळतात. लंडनच्या डॉकलँड्समध्ये १९८७ पासून बिनचालकाच्या गाड्या आहेत आणि सर्वांत पुढची जागा प्रवाशाची. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने २००९ साली बर्गनच्या रेल्वेचा सात तासांचा प्रवास एका बैठकीत, इंजिनातून दिसतो तसा दाखवला. आणि लाखो लोक तो बघत बसले. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० पासून बिनचालकाच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा ही ओढ आपल्याकडेही तेवढीच आहे हे दिसून आले. पुढच्या काचेपाशी मुले होतीच, मुलांपेक्षा बापे जास्त होते.

आपल्याकडचा कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १५६ सांगते की बजावूनही टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर प्रवास करत राहिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळखीच्या लोको पायलटकडे ‘एकदा घ्या ना आत’ म्हणून गळ घालणारे लोक त्याची नोकरी पणाला लावतात आणि मागच्या हजार माणसांचा जीव. ज्या माणसाचे सगळे काम लक्षावर चालते त्याच्या शेजारी उभे राहून व्हिडिओ काढणे हे प्रेम नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दाराशी लोंबकळणारे प्रवासी पडून मेले, तेव्हा ते हौसेने लोंबकळत नव्हते, आत जागा नव्हती. दारात उभे राहून वळणावरचा फोटो काढणाऱ्या हौशी मुलाने हा फरक लक्षात ठेवावा. त्याला आत जागा असते. नगर–मनमाडकडे तर आणखी एक नवी जोखीम आहे. या पट्ट्यातल्या लोकांना डिझेलची सवय. वरची तार २५ हजार व्होल्टची आहे आणि ती शिवायची गरजही नसते, जवळ गेले तरी ओढून घेते. मालगाडीच्या वॅगनवर चढून सेल्फी काढणारी पोरे गावोगाव आहेत, आणि त्यांना हे सांगणारे कोणी तरी शाळेत यायला हवे.

म्हणजे कॅब बंद, दार धोक्याचे. मग उरते काय? रेल्वेने गेल्या काही वर्षांत व्हिस्टाडोम डबे आणले. २०१७ मध्ये मुंबई–मडगाव जनशताब्दीला, २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेसला आणि मग डेक्कन क्वीनलाही. काचेचे छत आणि एका टोकाला मोठी काच. डबा शेवटी असला तर मागे पळणारे रूळ दिसतात आणि इंजिनाला लागून असला तर इंजिनाचे तोंड. छान आहे, पण तो सहलीचा डबा आहे आणि भाडेही सहलीचे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत येते. तिच्या निमुळत्या नाकाचे फोटो काढायला कोपरगावकडे माणसे जमतात. नाकामागची जागा अर्थातच चालकाची.

आपल्या रोजच्या गाड्यांची रचना या बाबतीत सर्वांत बंद आहे. डिझेलवरच्या डेमूच्या पुढच्या पॉवर कारमध्ये चालकाच्या खोलीमागे इंजिन-जनरेटरची खोली, विजेवरच्या मेमूत विजेच्या यंत्रांची, आणि त्यांच्याही मागे प्रवासी. काच ठेवायला जागाच नाही. याला कारणे तांत्रिक आहेत, ती मान्य. पण नवे डबे आता यंत्रे डब्याच्या खाली बसवून बांधले जाताहेत. चालकाच्या पाठीमागच्या भिंतीत एक अरुंद, रात्री पडद्याने झाकता येईल अशी काच ठेवायला काय हरकत आहे, हा प्रश्न प्रवासी संघटनांनी विचारायला हवा. त्या संघटना थांबे मागतात, वेळा मागतात, ते बरोबरच आहे. हेही मागावे.

हे सगळे नगर–बीड–परळी मार्गाला जास्त लागू आहे, कारण तिथे गाडी म्हणजेच डेमू. २६१ किलोमीटरच्या या मार्गासाठी तीन पिढ्या भांडल्या. खर्चाचा अर्धा वाटा राज्याने उचलला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी ही ६६ किलोमीटरची गाडी सुरू झाली, नारायणडोह, सोलापूरवाडी, धानोरा, कडा असे थांबे घेत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी नारायणडोहजवळ तिच्या डब्यांना आग लागली. प्रवासी वेळेत उतरले, कोणाचा जीव गेला नाही, पण डबे जळाले आणि ज्यांनी नुकती रेल्वे पाहिली होती त्या गावांना पुन्हा वाट बघत बसावे लागले. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत पोचली. फेऱ्या मोजक्याच आहेत. नोकरीला किंवा कॉलेजला जाण्यायेण्याच्या वेळा त्यांत बसत नसतील तर ती गाडी रोजची होत नाही, आणि जी गाडी रोजची होत नाही तिच्यावर प्रेम जडायला वेळ लागतो. बीडकडच्या गावांत फलाटावर नुसती गाडी बघायला आलेली माणसे आहेत, म्हातारी, कडेवर मूल घेतलेली. त्यांना गाडी पुढून बघायची असते, इंजिनाकडून. डब्यांकडे कोणी बघत नाही.

रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे तपासणीसाठी खास डबा असतो. गाडीच्या शेवटी लावतात, त्याला मागे रुंद काच, आणि तिच्यापाशी खुर्च्या टाकून साहेब लोक मार्ग तपासत जातात. म्हणजे रूळ समोर ठेवून प्रवास करण्याची सोय खात्याकडे आहेच. त्या काचेपाशी एक कॅमेरा बसवून दौंड ते मनमाड, नगर ते बीड, प्रत्येक मार्गाचा अखंड चित्रपट काढून लोकांसाठी खुला करायला नवा कायदा लागत नाही. दौंड–मनमाडचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आहे. दुसरा रूळ पडला की जुनी स्टेशने, दगडी पूल, लूप लाइनी, फाटके बदलतात. काही पाडलीच जातात. त्याची नोंद आता केली तर होईल. बीडच्या पुढे परळीपर्यंतचे काम अजून चालू आहे. तिथे पहिली चाचणीची गाडी जाईल तेव्हा इंजिनाच्या काचेशी कॅमेरा लावायची मागणी नगर-बीडच्या रेल्वेवेड्यांनी आत्तापासून मंडल कार्यालयाकडे लेखी करून ठेवावी.